रोहितच्या वाट्याच्या चार बॅटऱ्या

१६ मार्च, रविवार

सोमाआण्णाच्या उन्हाळ कांद्यावर आज शेवटची फवारणी झाली. दुपारपर्यंत ड्रोन धुऊन, पुसून रोहितच्या घरी पोचलासुद्धा. आता पाऊस पडून मका गुडघ्याएवढा होईपर्यंत आम्हाला काम नाही. रोहित म्हणाला, "धन्या, तीन महिने झोप काढ." मला झोप काढता येत नाही हे तो पहिलीच्या वर्गापासून बघतोय.

नाशिकला अंबडच्या कारखान्यात तपासणीला होतो तेव्हा पाळी संपली की नोंद लिहावी लागायची. काय तपासलं, काय नापास केलं, कशामुळे केलं. नोकरी सोडली, पण हाताची सवय गेली नाही. हंगामात लिहायला वेळ नसायचा. आता वेळच वेळ आहे.

पहिला प्रश्न बॅटऱ्यांचा. आमच्याकडे आठ आहेत. एका उड्डाणाला दोन लागतात. दोन आकाशात असल्या की दोन चार्जिंगला, दोन गार होत पडलेल्या आणि दोन हाताशी. आठ आहेत म्हणून ड्रोन थांबत नाही, आणि ड्रोन थांबत नाही म्हणून लोक आम्हाला बोलावतात. पण बॅटरी पडून राहणार असेल तर ती अर्धी भरलेली ठेवावी लागते, तीही थंड जागी. पूर्ण भरून ठेवली तर उन्हाळ्यात फुगते, पूर्ण उतरवून ठेवली तर मरते. महागातल्या बॅटऱ्या पडून राहिल्या की आपोआप अर्ध्यावर येतात. आमच्या साध्या, आपणच उतरवायच्या. बटण दाबलं की बॅटरीवर चार दिवे लागतात. दोनच लागले की समजायचं, अर्धी.

आठही एका घरात ठेवायच्या नाहीत असं मी ठरवलं. जाळ झाला, चोरी झाली, तरी निम्म्या राहतील. चार माझ्या मळ्यात, चार गावात रोहितकडे. रोहितने नुसती मान हलवली. उडवणं त्याचं खातं, बॅटऱ्या माझं.

१८ मार्च

दिवसभर बॅटऱ्या उतरवत बसलो. आई दारात वाल सोलत होती.

"भरलेल्या रिकाम्या कशाला करून राहिला रे?"

"रिकाम्या नाही आई, अर्ध्या. आराम पडतो त्यांना."

"आराम पोट भरल्यावर पडतो," आई म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

हंगामात आईने खूप केलं. आम्ही दोघं शेतात असायचो, घरी थ्री फेजची लाईट आली की आई दुसरा लॉट चार्जिंगला लावायची. मी तिला एकदाच शिकवलं होतं. वायर जोडायची, मोठं बटण दाबायचं, हिरवं झालं की काढायचं. एकदाही चुकली नाही. कारखान्यात शिकाऊ पोरांना मी हेच महिनाभर शिकवायचो.

संध्याकाळपर्यंत आठही दोन दिव्यांवर आल्या. रोहितच्या चारांना लाल पट्टी लावली.

"लाल पट्टीच्या कोणाच्या?" आईने विचारलं.

"रोहितच्या घरी जायच्या. सकाळी येईल तो, देऊन टाक. मी नाशिकला जातोय."

"आन बिनपट्टीच्या?"

"त्या आपल्या."

"बरं," आई म्हणाली.

१९ मार्च

विम्याच्या कामात सगळा दिवस गेला. सीबीएस स्टँडवरून गिरणाऱ्याची बस मिळेपर्यंत ऊन कलतं झालं. रोहित सकाळी येऊन बॅटऱ्या घेऊन गेला, आईने चहा पाजला, म्हणजे सगळं नीट झालं. चार्जर टेबलावर उघडा पडला होता. आईने धूळ पुसायला काढला असेल. झाकून ठेवला.

आपल्या चार आतल्या मातीच्या खोलीत, फळीवर, एकमेकींपासून सुट्या ठेवल्या. घरात सगळ्यात थंड जागा तीच. पाण्याचा माठही तिथेच असतो.

६ एप्रिल

मन लागत नाही. द्राक्षांचे ट्रॅक्टर जाताना दिसतात, लोक कामात आहेत, मी फळीसमोर उभा. रोज एकदा बटण दाबून बघतो. दोन दिवे. दोन दिवे. दोन दिवे. दोन दिवे. माझी बायको उज्वला हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आली आणि दारातूनच म्हणाली, "पेशंट कसे आहेत?"

"ठीक."

"मग त्यांना झोपू दे की जरा."

तिला थट्टा सुचते. तिचा पगार एक तारखेला येतो. मी नोकरी सोडली तेव्हा तिने एक शब्द विरोधात काढला नाही. त्याचंच जास्त ओझं आहे.

२१ एप्रिल

आज घरात छोटी गडबड झाली. रोहितच्या बायकोने, वेदिकावहिनींनी, मागच्या आठवड्यात डबाभर कुरडया पाठवल्या होत्या. उज्वलाने डबा घासून, पुसून कोणाबरोबर तरी परत पाठवला. आईला कळलं तशी तिने कपाळाला हात लावला.

"रिकामा पाठवला?"

"स्वच्छ घासून पाठवला आई."

"घासून काय करती! आपल्या घरून दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू रिकामी जाऊ देत्या का? मूठभर साखर तरी घालायची. काय म्हणंल ती पोर, सरुबाईच्या घरात दाणा नाय राहिला?"

मग आईने गुळाची ढेप फोडली, एक खडा कागदात बांधला आणि मला मोटरसायकलवर पिटाळलं. एका डब्यासाठी चार किलोमीटर. मी कुरकुर केली, पण खरं सांगायचं तर कुठेतरी जायला मिळालं म्हणून बरं वाटलं.

रोहितकडे गेलोच होतो तर विचारलं, "बॅटऱ्या कुठे ठेवल्यास?"

"पेटीत. पोटमाळ्यावर."

"पत्र्याखाली? तापतील रे."

"खाली वेदिकाचं शिवणकाम पसरलेलं असतं. बघतो, हलवतो."

वर चढून बघावं असं फार मनात आलं. पण मित्राच्या घरात तपासणीसासारखं शिडी लावून चढणं बरं दिसलं नाही. गुळाचा खडा दिला, चहा घेतला, आलो.

९ मे

ऊन मरणाचं आहे. कोंबड्यासुद्धा गोठ्यातून बाहेर येत नाहीत. कारखान्यातल्या जुन्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, "जागा आहे, यायचं का?" मी म्हटलं, "जुलैत सांगतो." फोन ठेवल्यावर वाटलं, सरळ नाही म्हणायला हवं होतं. मग वाटलं, सरळ हो म्हणायला हवं होतं. दोन्ही विचार घेऊन बांधावरून तीन फेऱ्या मारल्या.

गिरणाऱ्याच्या बाजारात शेजारच्या मळ्यातला बहिरू भेटला. म्हणाला, "तुमचा ड्रोन हरसूलकडं पाहिला मी. लई उंच होता." मी म्हटलं, आमचा नसेल, आमचा बंद आहे. तो म्हणाला, "आसंल मंग कोणाचा." लग्नसराईत फोटोवाल्यांचे ड्रोन उडतात. तसाच असणार.

१४ जून, शनिवार

मका वर आलाय. सोमाआण्णाचा निरोप होता, पुढच्या आठवड्यात या. म्हणून आज रोहितच्या घरी जाऊन पेटी खाली घेतली.

झाकण उघडलं आणि हात मागे घेतला. चारही बॅटऱ्या फुगल्या आहेत. उशीसारख्या. एकीची कड उकललीय आणि पेटीत गोडसर, औषधासारखा वास कोंडलाय. मीटर लावला. तिन्ही महिने पडून असूनही चारही जवळजवळ पूर्ण भरलेल्या. मी दिल्या होत्या अर्ध्या.

रोहित माझ्याकडे बघत होता. बॅटऱ्या एकेक करून वाळूच्या घमेल्यात ठेवल्या, घमेली अंगणात घरापासून लांब नेऊन ठेवली, वहिनींना सांगितलं हात लावू नका, आणि निघालो.

घरी आल्याआल्या फळीवरच्या चार बघितल्या. दोन दिवे, चारही. सपाट, गार, ठणठणीत.

१५ जून

कारखान्यात दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचो. मधेच थांबायचं नाही, मूळ कारण हाताला लागेपर्यंत. तसंच केलं.

बॅटऱ्या का फुगल्या? भरलेल्या अवस्थेत उन्हाळाभर पत्र्याखाली पडून राहिल्या. भरलेल्या का होत्या? कोणीतरी भरल्या. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच चार्जरवरच्या, एकाच दिवशी उतरवलेल्या आठ बॅटऱ्या, त्यातल्या एका घरातल्या चार चांगल्या आणि दुसऱ्या घरातल्या चार खराब. म्हणजे फरक घराचा. त्या घरात बॅटऱ्या भरणारा माणूस एकच. त्याने का भरल्या? उडवायला. मला न सांगता का? कारण कमाई एकट्याची.

बहिरू हरसूलचं म्हणाला ते आठवलं.

हे सगळं उज्वलाला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. म्हणाली, "घरात विचारलंस का सगळ्यांना?"

"घरात काय विचारायचं? घरच्या चार तर चांगल्या आहेत."

तिने भाकरी उलटली आणि पिठाचा पुढचा गोळा घेतला.

१७ जून, मंगळवार

रोहितला मळ्यात बोलावलं. ठरवलं होतं, शांतपणे विचारायचं. जमलं नाही.

"बॅटऱ्या तू भरल्यास का?"

"नाही."

"मग कोणी भरल्या?"

"इथून नेल्या तेव्हाच चार दिवे होते. मला वाटलं तशाच ठेवायच्या असतील."

"मी दोनवर आणल्या होत्या. स्वतःच्या हाताने."

"मग रस्त्यात भरल्या का मी? मोटरसायकलच्या डायनामोवर?"

"थट्टा नको रोहित. मे महिन्यात ड्रोन हरसूलकडे दिसला होता."

त्याने गाडीला अडकवलेल्या पिशवीतून ड्रोनचा रिमोट काढला आणि ओट्यावर आपटला. "घे. उड्डाणाची सगळी नोंद आहे यात. बघ. चोर सापडतो का बघ."

माझा आवाज चढला. त्याचाही चढला. "मी सांगतो ना, तुझ्या घरातून निघतानाच..." असं तो म्हणत होता, तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. "का रे पोरांनो, कोंबडे झुंजल्यागत काय करता? रोहित्या, तुझ्यात आलं जास्त घातलंय बघ."

रोहित बोलता बोलता थांबला. आईकडे बघितलं. तिच्या हातातल्या कपाकडे बघितलं. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे धन्या. मी पत्र्याखाली ठेवल्या. चूक माझी."

"म्हणजे भरल्यास हे कबूल?"

"तुला जे समजायचं ते समज."

उभ्याउभ्या चहा प्यायला, कप आईच्या हातात दिला, "मावशी, मस्त झाला," म्हणाला आणि गेला. खोटं पकडलं गेलं की माणूस असाच अचानक नरम पडतो. कारखान्यात कितीदा पाहिलंय.

१८ जून

रिमोटमधली नोंद तपासली. शेवटचं उड्डाण १६ मार्च, सोमाआण्णाचा कांदा. त्यानंतर काही नाही.

म्हणजे उडवला नसेल. उडवायचं मनात असेल म्हणून भरून ठेवल्या असतील.

२२ जून

पावसाने उघडीप दिली आणि सोमाआण्णा स्वतः मळ्यात आला. साठी ओलांडली तरी चालण्यात दम आहे. हातात मक्याचं एक रोप उपटून आणलं होतं. पोंग्यात, मधल्या कोवळ्या पानांत, भुसा पडावा तशी विष्ठा, पानं चाळणीसारखी.

"पाह्य. लष्करी अळी. दोन दिवसांत ही तऱ्हा. पाठीवरचा पंप मारायला मानूस मिळत नाय, मिळालं तर पावसाच्या चिखलात सऱ्यांमधून चालायला तयार नाय. तुम्हा दोघांच्या भरवशावर बसलो ना मी."

"आण्णा, बॅटऱ्यांचा घोळ झालाय. चारच राहिल्या."

"चार तर चार. सावकाश मार."

"रोहित येत नाहीये."

आण्णाने रोप माझ्या पायाशी टाकलं. "म्हंजी तुम्ही दोघं भांडा, आन अळी तिकडं पोंगा खाऊन राह्यली. तिला सांग, थांब म्हणावं, आमचा निकाल लागू दे."

त्याच्या शब्दावर आणखी सात-आठ जण आमच्याकडून फवारून घेतात. आण्णा फिरला की सगळे फिरतील. उडवायचा परवाना रोहितकडे, मला परवाना नाही. फळीसमोर जाऊन उभा राहिलो. दोन दिवे. चारही.

२६ जून

रोहितचा मेसेज आला. पुण्याच्या एका कंपनीचं मोजणीचं काम मिळालंय, पुढच्या गुरुवारी जाणार. ड्रोनचं काय करायचं ते तू ठरव, असं लिहिलंय. खाली नाव नाही, काही नाही. पूर्वी काहीतरी चावट लिहिल्याशिवाय मेसेज संपवायचा नाही.

दोनदा उत्तर लिहून पुसलं. मग ठरवलं, हिशेब स्वच्छ असावा. चांगल्या चार बॅटऱ्यांतल्या दोन त्याच्या. उद्यापरवा पाठवून देऊ. मी कोणाचं ठेवून घेतलं असं कोणी म्हणायला नको.

जुन्या साहेबांचा नंबर काढून ठेवला. लावला नाही.

२८ जून, शनिवार

दोन बॅटऱ्यांना लाल पट्टी लावली. पुन्हा मोजल्या, अगदी बरोबर अर्ध्या. भांडण असलं तरी वस्तू नीट अवस्थेत द्यायची.

आई माठ भरायला खोलीत आली. रोज संध्याकाळी भरते, काठोकाठ.

"लाल पट्टी? रोहित्याच्या घरी जायच्या का?"

"हो. उद्या देऊन येतो."

"तो रुसलाय का रे तुझ्यावर? पोटात काय ठेवत नाय ते पोर. आता चहा प्यायला पन येत नाय."

"कामात असेल."

आईने माठावर झाकण ठेवलं, त्यावर गडवा पालथा घातला. "बरं," म्हणाली.

२९ जून, रविवार

उजाडलं तेव्हा लाईट आलेली होती. मी गोठ्यातून आलो, तर आतल्या खोलीत चार्जरचा पंखा फिरत होता. आई पाटावर बसून समोर दिव्याकडे बघत होती. लाल पट्टीच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जरला जोडलेल्या.

"आई! काय करतेस?"

"थांब, हिरवं व्हायचंय एकीचं."

"अगं, पण कशाला? मी त्या अर्ध्या करून ठेवल्या होत्या."

"तेच तर. आपल्या घरून जानार, अर्ध्या जाऊ द्यायच्या व्हय? रोहित्या रुसला आसंल तर आसू दे. तो रुसला म्हणून आपन हात आखडायचा नसतो."

मी भिंतीला टेकलो. विचारलं, "मार्चमध्ये? त्या चार?"

"मंग! पहाटं लाईट आली तशी लावल्या. चारी हिरव्या झाल्या तवा दिल्या. ते पोर म्हनलं, मावशी घाई हाय. मी म्हनलं, घाई आसंल तर चहा पी, पन अर्धं काय मी देनार नाय."

हिरवा दिवा लागला. आईने वायर काढली, पदराने बॅटरी पुसली आणि माझ्याकडे बघितलं.

"का रे? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. एवढे 'का' विचारले होते मी. एकही या खोलीकडे वळला नव्हता.

तसाच गावात गेलो. रोहित अंगणात घमेल्यांवर पावसासाठी पत्रा ठेवत होता. वहिनी दारात मशीनवर होत्या. मशीन थांबलं.

"आईने भरल्या होत्या," मी म्हटलं.

रोहितने पत्र्यावर वीट ठेवली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

वहिनीच बोलल्या. "भाऊजी, त्या दिवशी बॅटऱ्या आणल्या तेव्हाच हे म्हणाले होते, मावशीने भरून दिल्यात, भरल्याशिवाय सोडेना. तेव्हा आम्हाला दोघांनाही काही वाटलं नाही. भरलेलं चांगलंच ना."

"भांडताना आठवलं मला," रोहित म्हणाला. "सांगणारच होतो. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या."

"मग सांगायचं ना!"

"तुझा आवाज केवढा होता, आठवतंय? त्या आवाजासमोर मावशीला उभं करू? ज्या बाईने मला आलं जास्त घालून चहा आणलाय?" त्याने हात झटकले. "पत्र्याखाली मी ठेवल्या. तू सांगूनही हलवल्या नाहीत. तेवढं माझं होतं, ते मी कबूल केलं. तुला सगळंच माझ्याकडून पाहिजे होतं."

मी म्हटलं, चुकलो. नीट म्हटलं, दोनदा म्हटलं. तो म्हणाला, "मला चोर ठरवलंस रे धन्या. ओट्यावर उभा राहून." मग म्हणाला, "बॅटऱ्या पाठवून दे. गुरुवारी जायचंय."

वहिनींनी चहा विचारला. मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात नको म्हटलं.

३० जून

दोन्ही बॅटऱ्या परत अर्ध्यावर आणल्या. आई दारात उभी राहून बघत होती. आज तिने काही विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "रोहितनेच अर्ध्या मागितल्यात."

"त्या घमेल्यातल्या फुगलेल्या, त्याच का रे? मी दिलेल्या?"

तिला घमेल्यांचं कोणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, "पत्र्याखाली तापल्या त्या. उन्हाळा केवढा होता."

"हं," आई म्हणाली. तिचं समाधान झालेलं दिसलं. मला बरं वाटलं. हे तिच्यापर्यंत पोचायला नकोच होतं.

मी बॅटऱ्या कापडी पिशवीत घातल्या. आईने पिशवी ओढून घेतली, बटण दाबून दोन्हींचे दोन-दोन दिवे बघितले आणि बाकीच्या जागेत भुईमुगाच्या शेंगा ओतायला लागली. पिशवी तोंडापर्यंत भरली.

"आई, बॅटरीत शेंगा?"

"बॅटरी अर्धी का आसंना. पिशवी तरी अर्धी जायची नाय."

मी द्यायला निघालो तर म्हणाली, राहू दे, मीच जाते. वेदिकाकडं ब्लाऊजचं माप द्यायचंय. गुडघा दुखतो म्हणून महिनाभर देवळात गेली नव्हती. मी गाडीवर सोडतो म्हटलं, तर नको म्हणाली. पायीच गेली, सावकाश, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. फार दमलेली वाटली. ब्लाऊज काय रंगाचा शिवायला टाकलास म्हणून उज्वलाने विचारलं, तर म्हणाली, "कापड न्यायचं राहूनच गेलं."

१ जुलै

दिवसभर पाऊस. सोमाआण्णाचा फोन आला, मी उचलला नाही. मग वाटलं, उचलायला हवा होता. उलट फोन केला, तर त्याने उचलला नाही.

जुन्या साहेबांनाही फोन लावला. रिंग वाजली तेव्हा कट केला.

२ जुलै, बुधवार

सकाळी रोहित आला. गाडी बंद न करता ओट्याशी उभा राहिला आणि आईच्या हातात कापडी पिशवी दिली. "मावशी, तुमची पिशवी."

आईने ओट्यावर पिशवी उलटी केली. वर जांभळं होती, पाटीभर तरी असतील. जांभळांखाली पळसाची पानं, आणि पानांखाली लाल पट्टीच्या दोन बॅटऱ्या. आईने बटण दाबलं. दोन दिवे. दुसरीचं दाबलं. दोन दिवे.

"पुण्याचं काय?" मी विचारलं.

"त्यांना म्हटलं, मका झाल्यावर बघू." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आठ वाजता आण्णाच्या बांधावर. औषध तू कालव. आणि धन्या, ओट्यावर पुन्हा ओरडलास तर ड्रोन तुझ्या डोक्यावर उतरवीन."

दुपारपर्यंत सोमाआण्णाचा निम्मा मका झाला. चारच बॅटऱ्या, त्यामुळे प्रत्येक दोन उड्डाणांनंतर बसून राहावं लागतं. आण्णा म्हणाला, "माणसापेक्षा तुमचं यंत्रच जास्त विश्रांती घेतं." एरवी अशा वेळी माझ्या पायाला मुंग्या येतात. आज बांधावर बसलो, जांभळं खाल्ली, दोघांच्या जिभा जांभळ्या झाल्या. रोहितने मधेच विचारलं, "मावशींचा गुडघा कसा आहे?"

"ठीक आहे. का?"

"काही नाही. विचारलं."

रोहितचा राग गेला. रविवारी मी नीट बोललो होतो, दोनदा चूक कबूल केली होती, त्याचा परिणाम झाला असणार. माणसाशी सरळ बोललं की गोष्टी सुटतात.

साहेबांना कळवलं, येत नाही.

संध्याकाळी बॅटऱ्या फळीवर ठेवायला गेलो तर आई आधीच खोलीत होती. आज तिने चार्जरला हात लावला नाही. मला विचारलं, "उद्या उडवायच्या का ठेवायच्या?"

"उद्या उडवायच्या."

"मंग भरते. आन ठेवायच्या आसतील तवा सांग."

एकदा शिकवलेलं ती विसरत नाही. तरी हे तिने आजच का विचारलं, कळलं नाही. मग तिने माठ भरला, काठोकाठ, आणि त्यावर गडवा पालथा घातला.